औषध आहे, सोबत हवी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि महाप्रसाद व्हायचा आहे. या दोन्हींच्या मध्ये भाषणाला उभं राहणं किती अवघड असतं, हे आजवरच्या सगळ्या वक्त्यांना ठाऊक आहे. मसालेभाताचा वास मलाही येतो आहे, म्हणून फार लांबण लावणार नाही.

मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या आरोग्य विभागात औषधनिर्माता म्हणून लागलो, त्याला आता वीस वर्षं होत आली. औषधाच्या खिडकीच्या आत उभा राहणारा माणूस, एवढीच माझी ओळख. आज जे बोलतो आहे ते खात्याच्या वतीने नाही, या मंडळाचा एक सभासद म्हणून बोलतो आहे. त्या खिडकीतून जे दिसतं, तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात एका अगदी साध्या औषधाने करतो. जुलाब झालेलं मूल कडेवर घेऊन आई येते. सरकारी दवाखान्यात तिला ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचं आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची झिंकची एक गोळी रोज, अशी १४ दिवस द्यायची. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबतात. त्याबरोबर गोळ्याही थांबतात. त्यात आईला दोष देता येत नाही. खेळणाऱ्या-हसणाऱ्या मुलाला औषध कशाला, असंच कोणालाही वाटेल. पण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होऊ नयेत, याची ताकद त्या उरलेल्या अकरा-बारा गोळ्यांत असते. मी हे खिडकीतून अर्ध्या मिनिटात सांगतो, कारण तिच्यामागे रांग उभी असते. सातव्या दिवशी तिच्या दारात जाऊन ‘आज गोळी दिलीस का गं?’ असं विचारणारं मात्र कोणी नसतं.

आपल्या घरांत हा प्रश्न कोण विचारतं? आजी विचारते. शेजारच्या काकू विचारतात. डॉक्टरांकडे जाताना एखादे काका स्कूटर काढतात, फाइल कोणीतरी जपून ठेवतं, पुढच्या तारखेची आठवण कोणीतरी करून देतं. आपली मुलं केवळ औषधाने बरी होत नाहीत, औषधामागे उभ्या राहिलेल्या या माणसांमुळे बरी होतात. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलं आहे की लक्षातही येत नाही. आज ज्या मुलांबद्दल बोलणार आहे, त्यांची आजी गावाकडे राहिली आहे.

ही मुलं कोणती? आपल्या इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत केवढ्या इमारती उभ्या राहिल्या, ते आपण पाहतोच. तिथे काम करणारे बरेचसे मजूर झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या भागांतून येतात. भिल्ल, भिलाला, बारेला समाजाची माणसं. नवरा-बायको दोघंही कामावर, आणि लहानगं वाळूच्या ढिगापाशी. होळीच्या आधी भगोरियाला ती गावी जातात, पहिला पाऊस पडला की पेरणीला जातात, परत येतात तेव्हा ठेकेदार त्यांना शहराच्या दुसऱ्याच टोकाला नेतो.

आता सरकारी यंत्रणा कशी चालते ते बघा. शहरात एका आशा कार्यकर्तीकडे साधारण २०० ते ५०० घरं असतात. तिच्या वहीत घरं असतात. अर्धवट बांधलेल्या इमारतीला घर म्हणत नाहीत. तिला घरक्रमांक नसतो, मतदार नसतो, नळजोडणीही नसते. आशा कार्यकर्ती तिथे पोहोचलीच, तर दोन महिन्यांनी ती माणसं तिथे नसतात. इमारत पूर्ण होते, क्रमांक पडतो, आपण वास्तुशांत करतो आणि त्या वहीत आपलं नाव लागतं. तोवर ती मुलं पुढच्या पायाभरणीकडे गेलेली असतात.

कोणी म्हणेल, मग सरकार काय करतं? मी सरकारी नोकर आहे म्हणून नव्हे, पण खरं ते सांगायला हवं. योजना कमी नाहीत. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आहे, तिच्यातूनच अंगणवाड्या आल्या. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरमध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मजात दोष, जीवनसत्त्वं वगैरेंची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर, असे चार भाग पाडून तपासतात आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तपासणी पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि आमच्या व्यवसायातला एक फार्मासिस्ट असतो. आपल्या राज्यात हृदयाच्या जन्मजात दोषासाठी मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, ऐकू न येणाऱ्या लहान मुलांसाठी बाल श्रवण योजना आहे. अतिकुपोषित मुलांसाठी पोषण पुनर्वास केंद्रं आहेत.

म्हणजे दार आहे, दाराच्या आत डॉक्टर आहे, औषधही आहे. अडतं ते रस्त्यात.

एक उदाहरण सांगतो. काही मुलं जन्मतःच पाऊल आत वळलेलं घेऊन येतात. क्लबफूट म्हणतात त्याला. हजारात साधारण एखाद्या बाळाला हे असतं. पूर्वी मोठं ऑपरेशन करावं लागे. आता डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं सरळ करून प्लॅस्टर घालायचं. अशी पाच-सात प्लॅस्टरं झाली की बहुतेक मुलांना टाचेमागे एक छोटासा छेद घ्यावा लागतो, आणि पाऊल सरळ होतं. पण काम तिथे संपत नाही. मग पट्टीला जोडलेले खास बूट येतात. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि त्यानंतर मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागतं.

आता हे वेळापत्रक एका मजूर जोडप्यासमोर ठेवा. दर आठवड्याला एक दिवस, म्हणजे एका माणसाची मजुरी गेली. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. अशीच एक मुलगी मी पाहिली. तिसरं प्लॅस्टर झालं आणि ठेकेदाराने कुटुंबाला दुसऱ्या बांधकामावर हलवलं. पावसात प्लॅस्टर भिजलं, आईबापांनीच ते कापून काढलं. काही महिन्यांनी ती खोकल्यासाठी आमच्या खिडकीशी आली, तेव्हा पाऊल पूर्वीसारखंच वळलेलं होतं. उपचार फुकट होता. डॉक्टर चांगले होते. आईबापांची इच्छाही होती.

त्या दुसऱ्या बांधकामावर रखवालदाराची बायको होती. शिक्षण जेमतेम. तिने वार ठरवला, पोरीला उचललं आणि पहिल्या प्लॅस्टरपासून पुन्हा सुरुवात केली. आई कामावर, ही दवाखान्यात. कुटुंब पुन्हा हललं तेव्हा तिने नव्या ठिकाणचा फोन नंबर मागून घेतला. ती मुलगी आता चालते. रात्रीचे बूट अजून बाकी आहेत, आणखी काही वर्षं लागतील. पण कोणत्याही योजनेच्या कागदावर नसलेली ती बाई नसती, तर ते पाऊल सरळ झालं नसतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की प्रत्येक अशा मुलामागे एक अशी बाई हवी. ही माणसं नेमणुकीने मिळत नाहीत, ती समाजातूनच यावी लागतात.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याच इंदूरचं उदाहरण घ्या. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा इथेही धास्ती पसरली होती. आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. प्रशासनाने आणि नागरिकांनी मिळून रुग्णालय रिकामं करून घेतलं, साफ केलं, डागडुजी केली. गावाने पैसा दिला, हातभार लावला. त्यातून रोगी कल्याण समिती उभी राहिली, म्हणजे रुग्णालयाच्या कारभारात शहरातल्या लोकांनीही लक्ष घालायचं. ही पद्धत आधी राज्यभर गेली आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर पोहोचली. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर घरीच औषध, इंजेक्शनसुद्धा देणं. ३९ गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आपल्या वस्तीतली आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्याचं मूळ त्या कामात आहे.

तिसरं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, ते पोलिओचं. १९९५ पासून पल्स पोलिओ. शाळा, मंदिरं, मंडळं, बसस्थानकं, जिथे जागा मिळाली तिथे बूथ लागले. १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या मोहिमेत घरोघर फिरताना भिंतीवर खडूने खूण करायचे, आठवतं? सगळी मुलं झाली असतील तर ‘पी’, कोणी राहिलं असेल किंवा कुलूप असेल तर ‘एक्स’. माझ्या मते पोलिओ गेला तो त्या ‘एक्स’मुळे. पुढच्या दिवसांत त्याच घरांवर पुन्हा जायचं, मूल सापडेपर्यंत जायचं. बूथवर आलेल्या मुलांना थेंब पाजणं सोपं होतं. जी आली नाहीत त्यांच्याकडे परत जाणं हेच खरं काम होतं.

आता थोडं आपल्या मंडळाकडे येतो. रागावू नका, घरचाच माणूस बोलतो आहे.

आपण आरोग्य शिबिरं घेतो. चांगली घेतो. तपासणी होते, केळी-बिस्किटं वाटली जातात, फोटो निघतो, बातमी येते. संध्याकाळी मांडव उतरतो. एखाद्या मुलाच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं? ते मूल मोठ्या दवाखान्यात पोहोचलं का? हे विचारायला पुढच्या सोमवारी कोणी गेलं का? शिबिरात सापडलेलं मूल म्हणजे आपण स्वतः दारावर काढलेला ‘एक्स’ आहे. तो तसाच ठेवून आपण घरी येतो.

म्हणून माझी विनंती आहे की शिबिरं कमी झाली तरी चालतील. एक जागा निवडा, एकच. एखादी वस्ती किंवा एखादं मोठं बांधकाम. आणि तिथे एक पूर्ण वर्ष द्या. काय करायचं, तेही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वही. तिथे शून्य ते सहा वर्षांची मुलं किती, त्यांची लसीकरणाची कार्डं आहेत का, पुढची लस कधी, हे लिहून काढायचं. ती वही तिथल्या आशा कार्यकर्तीला आणि अंगणवाडी कार्यकर्तीला दाखवायची, कारण त्यांच्या यादीत जी मुलं नाहीत ती आपल्या वहीत सापडतील. मजूर आईबापांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की लस गावी सुरू केली असली तरी पुढची इथे घेता येते. मध्ये खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड हरवलं म्हणून कोणी घरी बसू नये.

दुसरी गोष्ट कागदांची. आणि इथे आपल्या समाजाचा हात धरणारा कोणी नाही. या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले किती आहेत? शाळेतून, महालेखापाल कार्यालयातून, पोस्टातून, वीज मंडळातून? आयुष्यभर आपण फॉर्म भरले आणि भरून घेतले! आपल्या राज्यात कोणत्याही योजनेचा लाभ घ्यायचा तर समग्र आयडी लागतो. त्या मुलाचं नाव गावच्या कुटुंबाच्या समग्रमध्ये चढलेलंच नसतं. जन्मदाखला नसतो, आधारवर स्पेलिंग वेगळं असतं. हृदयाचं ऑपरेशन यासाठी अडून राहिलेलं मी पाहिलं आहे. आजार बरा करणारा डॉक्टर तयार, आणि मूल थांबलं आहे एका अक्षरासाठी. हे अक्षर दुरुस्त करायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. आपल्यातला एखादा निवृत्त हेडक्लार्क पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट सोबतीची. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वास केंद्रात ठेवायचं म्हणजे आईला त्याच्याबरोबर साधारण १४ दिवस राहावं लागतं. शासन तिला बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही देतं. पण मागे राहिलेल्या दोन मुलांना जेवायला कोण घालणार? त्या दोन आठवड्यांसाठी शेजारणीशी बोलून डबा ठरवला, तर ती आई राहते, नाही तर तिसऱ्या दिवशी मूल उचलून निघून जाते. डबा पोहोचवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, हे मी फार्मासिस्ट असून सांगतो.

चौथी गोष्ट आमच्या भगिनींसाठी. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल पट्टा दिसतो, म्हणजे मूल धोक्यात आहे. ही पट्टी वापरायला अंगणवाडी कार्यकर्ती दहा मिनिटांत शिकवते. वस्त्यांत महिला आरोग्य समित्याही असतात, पन्नास-शंभर घरांमागे दहा-बारा बायकांची एक. त्यांच्या बैठकीला जाऊन बसा. आपण देणारे आणि त्या घेणाऱ्या, असं तिथे चालत नाही. कोणाच्या घरात काय अडलं आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

काही पथ्यंही पाळायला हवीत. घरातली उरलेली औषधं वाटायला नेऊ नका. दरवर्षी कोणीतरी मला पिशवी भरून आणून देतं. मुलांचं अँटिबायोटिकचं ड्राय सिरप पाणी घातल्यावर आठवडाभरच टिकतं, त्यानंतर ते दान उपयोगाचं राहत नाही, उलट अपायच करील. आजारी मुलांचे फोटो काढून समूहावर टाकू नका. आपल्या नातवाचा असा फोटो आपल्याला चालेल का, एवढं मनाला विचारा. आणि पूर्ण करता येणार नाही असा शब्द कोणाला देऊ नका. ही माणसं आधीच पुष्कळ वेळा फसलेली असतात.

शेवटचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ‘हे तर सरकारचं काम, ते आम्ही का करायचं? आम्ही कर भरतो.’ प्रश्न रास्त आहे. लस, डॉक्टर, ऑपरेशन, औषध हे सरकारनेच द्यायचं आहे आणि त्यातून सरकारची सुटका आपण करायची नाही. उलट दवाखान्यात झिंक नसेल तर ‘का नाही?’ असं विचारायलाही माणूस लागतो. तो मजूर विचारू शकत नाही, त्याला दिवस बुडवून परवडत नाही. तुम्ही विचारू शकता. आम्हा कर्मचाऱ्यांना असा प्रश्न विचारणारं कोणी आलं की थोडं अवघडल्यासारखं होतं, हे कबूल करतो. पण त्याने कामही नीट होतं. सोबत करणं आणि जाब विचारणं, या दोन्ही गोष्टी भागीदारीतच येतात.

लोकमान्यांनी १८९३ साली गणपती घरातून चौकात आणला, तो माणसांनी एकत्र यावं म्हणून. आपल्या पूर्वजांनी तो उत्सव इथे इतकी वर्षं टिकवला. दहा दिवस आपण एकत्र येतो, वेळ काढतो, वर्गणीसाठी जिने चढतो, एका घरी कुलूप असलं तर संध्याकाळी पुन्हा जातो. वर्गणीसाठी दोनदा जिना चढणारी आपली मंडळी एका मुलाच्या लसीसाठीही चढू शकतात.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की विसर्जनानंतरच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा. आज प्रवेशद्वाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात पैशाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. नाव, फोन नंबर आणि आठवड्यातले किती तास देऊ शकाल, एवढंच लिहायचं आहे. एक तास लिहिलात तरी चालेल. पण जो तास लिहाल, तो वर्षभर पाळा.

महाप्रसाद थंड होतो आहे.

गणपती बाप्पा मोरया!